मुका प्रोब

बाहेरचा लाल दिवा लागला की आमच्या खोलीचं दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी डिटेक्टर बंद करा आणि मग पळा, असं आमच्या प्रयोगशाळेचे सर नव्या मुलांना सांगतात, आणि ते गमतीनं सांगत नाहीत. डिटेक्टरला मेंदूतून येणारा कणभर हिरवा उजेड टिपायची सवय. दारातून कॉरिडॉरचा लख्ख उजेड आत आला तर तो जळतो, आणि नवा यायला महिनेच्या महिने लागतात.

त्या अंधारात मी आणि बाईसाहेब बसतो.

बाईसाहेब म्हणजे उंदरीण, नुकतीच व्यालेली. तिच्या कवटीवर आम्ही काचेची बारीक खिडकी बसवलेली असते आणि तिच्याभोवती धातूची पट्टी. ती पट्टी दोन स्क्रूंनी मायक्रोस्कोपखाली आवळली की डोकं जरासुद्धा हलत नाही. पाय मात्र मोकळे. पायांखाली फोमचं चाक असतं. वाटलं तर ती चालते, खूप चालते, आणि असते तिथंच असते.

खिडकीखालच्या पेशींमध्ये एक प्रोब असतो, निरुपद्रवी केलेल्या व्हायरसवर बसवून आत पोचवलेला. प्रोब म्हणजे एक प्रथिन. त्याची एक बाजू ऑक्सिटोसिनची वाट बघत बसलेली, आणि दुसऱ्या बाजूला दिवा. मेंदूत ऑक्सिटोसिन सुटलं आणि येऊन त्या बाजूला बसलं, की प्रथिन जरा पीळ खातं आणि दिवा उजळतो. आम्ही लेसर मारून तो उजळलेला दिवा बघतो. ऑक्सिटोसिन म्हणजे तेच, ज्यानं आईला पान्हा फुटतो. पिल्लांच्या रडण्याचा आवाज, जो माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, तो स्पीकरवरून लावायचा आणि आईचा मेंदू उजळतो का बघायचं, एवढंच आमचं काम. सांगायला एवढंच.

सासूबाईंना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. त्या माझ्या लेकीला, ठमीला, मांडीवर थोपटत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तिकडे तू उंदरांची पिल्लं रडवतेस, आणि इकडे हिला मी गप्प करायचं."

"आई, रडवत नाही हो. आवाज रेकॉर्ड केलेला असतो."

"तेच ते. पगार कुणाला जास्त मिळायला हवा, तुला की मला?"

नवरा हसला. मीही हसले. ठमी तेवढी गंभीर होती. ती तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती आणि प्रत्येक गोष्टीकडे संशयानं बघायची. माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात.

फोनही त्या खोलीत न्यायचा नाही. सगळे बाहेरच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. मी नेत होते.

सासूबाई प्रेमळ आहेत, पण दुपारी त्यांचा डोळा लागला की कानाशी ढोल वाजवला तरी त्या उठत नाहीत. म्हणून मी ठमीच्या पलंगावर कॅमेरा बसवून घेतला. ती रडली की माझ्या फोनची स्क्रीन आपोआप लागते, आवाज न करता, आणि ती दिसते. मग मी बटण दाबायचं. कॅमेऱ्यातून घंटी वाजते आणि सासूबाई उठतात. कॅमेऱ्याला शिव्या देत, पण उठतात. नवऱ्याचं म्हणणं होतं की हे अति होतंय. तो म्हणाला, "तू घरी नसतेस तेव्हा ती काय हवेवर वाढते का? आई असते ना." पण पालथं पडून नाक उशीत गेलेल्या मुलांच्या बातम्या मी वाचलेल्या होत्या. आपण शिकलेल्या बायका. नको ते वाचून ठेवतो.

तर फोन मी नेत होते. मायक्रोस्कोप झाकायचं जे काळं कापड असतं त्याच्या उरलेल्या तुकड्याची मी खोळ शिवली होती आणि वरच्या अंगाला बोटभर चीर ठेवली होती. खोळ मांडीवर. चिरेतून डोळा घालून बघायचं, बटण दाबायचं, झालं. अंधारात मलाच जेमतेम दिसायचं.

बाळंतपणानंतर कामावर परत आले तेव्हा माझा करार संपत आला होता. सरांनी तोंडानं काही म्हटलं नव्हतं, पण माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाची तरी खोकी येऊन बसली होती. घरी बसायचं मला भय होतं. ठमीचं भय नव्हे, माझंच. मी घरी राहिले तर दिवसभर तिचा श्वास मोजत बसेन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि मग उजळायला लागलं.

पिल्लांचा आवाज लावलेला नसतानासुद्धा बाईसाहेबांच्या खिडकीतून प्रकाश यायचा. एखादी पेशी नव्हे, सगळी खिडकी एकदम. स्क्रीनवरची हिरवी रेषा वर चढायची, थोडा वेळ तिथं राहायची, उतरायची. मी पहिल्यांदा सरांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"आवाज बंद होता?"

"हो सर."

"बक्षीस नाही, पाणी नाही, काही नाही?"

"काहीच नाही."

ते खुर्चीत मागे रेलले. "मग ही आठवण काढतेय. आवाज नाही, वास नाही, तरी हिला पिल्लं आठवतात. आणि मेंदूभर ऑक्सिटोसिन पाझरतं, ओलीसारखं. म्हणून सगळी खिडकी एकदम उजळते." सर असं बोलायला लागले की ते मला नेहमी चुकून शास्त्रज्ञ झालेले कीर्तनकार वाटतात. आवाजात तसाच चढ.

अडचण एकच होती. हे फक्त मी बसले की व्हायचं. आमच्यातला दुसरा संशोधक, ज्याला सगळे दाढी म्हणतात, तो बसला की रेषा सपाट. तीच उंदरीण, तोच लेसर. दाढीनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि हात टेकले.

"साहजिक आहे," तो म्हणाला. "माझं तोंड बघून कुठल्या बाईला पान्हा फुटेल?"

सर मात्र हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे. तू उंदरीण धरतेस तेव्हा ती घाबरत नाही. आईचा हात ओळखते." टेबलावरची खोकी नाहीशी झाली. सगळे प्रयोग माझ्या नावावर आले. सकाळचे, दुपारचे, सुट्टीचेसुद्धा. एक दिवस रजा मागितली तर सर दुखावल्यासारखे बघायला लागले. "तुझ्याशिवाय होत नाही, हे तुला माहीत आहे." मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते मिळाल्यापासून मी त्या खोलीतून बाहेर आले नव्हते. माझं दूध कमी होत चाललं होतं. ठमी बाटलीला सरावली. रात्री घरी गेले की ती माझ्याकडे बघायची, सासूबाईंकडे बघायची, आणि मग हसायची. कुणाकडे बघून, ते कळायचं नाही.

शेवटी एक प्रयोग उरला होता. मुका प्रोब.

मुका प्रोब म्हणजे सगळं तेच, फक्त ऑक्सिटोसिनची वाट बघणारी बाजू मुद्दाम मोडलेली. दिवा असतो, मंद जळत असतो, पण ऑक्सिटोसिनचा पूर आला तरी तो उजळत नाही. अशी एक उंदरीण बसवायची, आणि रेषा सपाट राहिली की आपलं खरं. पुढच्या दिवशी पाहुण्या बाई येणार होत्या. त्या दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मान हलवली की आमचं काम त्यांच्या कामाशी जोडलं जाणार होतं, आणि माझी जागा पक्की होणार होती. सर म्हणाले, "मुक्याचं आज उरकून टाक."

मी मुकी उंदरीण बसवली, लाल दिवा लावला आणि वाट बघत बसले. रेषा सपाट होती. मी जरा सैल झाले.

मग रेषा वर चढली. तशीच. थोडा वेळ राहिली, उतरली.

मी सगळं नीट बंद केलं, उंदरणीला तिच्या पिल्लांत सोडलं आणि सरांकडे गेले. ते पाहुण्या बाईंना न्यायला कुणाला पाठवायचं याच्या गडबडीत होते.

"सर, मुकाही बोलतोय."

"बाटली बदलली असेल. दाढीनं व्हायरस भरताना घोळ घातला असेल."

"मी स्वतः तपासलंय, सर."

"परवा बघू," ते म्हणाले. "उद्या खरी उंदरीण दाखवायची आहे, मुकी नाही."

मी परत खोलीत आले. मायक्रोस्कोपखाली उंदीर नव्हता. लेसर बंद. फक्त डिटेक्टर चालू केला आणि अंधारात बसले. कुठून तरी उजेड येतोय, एवढंच सुचत होतं. कीबोर्डचे दिवे मी चिकटपट्टीनं झाकले. स्क्रीनचा मंद उजेड तर कायम सारखाच, त्यानं रेषा हलली नसती. दाराखालच्या फटीत कापड कोंबलं. रेषा सपाट, अगदी आडवी पडलेली.

तेवढ्यात मांडीवर उजेड झाला. चिरेतून ठमी दिसली. तोंड वाकडं करून रडत होती. मी सवयीनं बटण दाबलं. सासूबाईंचा हात आला, त्यांनी तिला उचललं. मी मान वर केली.

स्क्रीनवर रेषा चढलेली होती. मग, फोन विझला तशी, उतरली. आमचा प्रोग्रॅम रेषेचे कोपरे घासून गुळगुळीत करतो, म्हणून ती इतकी जिवंत वाटायची.

उंदीर नाही, लेसर नाही, प्रोब नाही. मी होते आणि माझी चीर होती.

आधी हसूच आलं. मग सरांचा चष्मा पुसण्याचा प्रकार आठवला आणि हसू गेलं. सांगितलं तर सरांची ती पिल्लांची आठवण काढणारी आई गेली, आणि तिच्यासोबत माझी जागा. नाही सांगितलं तर मी या खोलीत कायमची. कारण ही रेषा जगात दुसऱ्या कुणाला काढता येणार नव्हती. पाहुण्या बाईंच्या प्रयोगशाळेतही मलाच जाऊन बसावं लागेल, खोळ घेऊन. आणि ठमीनं वेळेवर रडावं लागेल.

घरी गेले तर ठमीचं अंग कोमट लागलं. सासूबाई म्हणाल्या, "दात येतायत. तू चेहरा पाडू नकोस, तुझा चेहरा बघून तिला आणखी ताप येईल."

"उद्या मी थांबू का घरी?"

"उद्या तुझ्या त्या बाई येणार ना? जा बाई. उंदरीण खोळंबेल."

नवऱ्यानं ताप मोजला. "किरकोळ आहे," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, एखादी गोष्ट चुकीची आहे असं कळलं आणि ती सांगितल्यानं सगळंच जाणार असेल तर? त्यानं थर्मामीटर झटकला आणि म्हणाला, "डॉक्टरांनी काही सांगितलंय का? माझ्यापासून लपवू नकोस हं." त्याच्या चेहऱ्यावर माझीच काळजी उतरलेली दिसली, तेव्हा मी विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर ढकलला, पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा ढकलला. दाढी बघत होता. "आज नियम पाळायचा दिवस वाटतं," तो म्हणाला. म्हणजे त्याला माहीत होतं मी फोन नेते ते. माहीत असून काय घडतंय हे त्यालाही सुचलं नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं.

पाहुण्या बाई ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, आणि त्यांच्या पायांत धावायचे बूट होते. त्यांनी बाईसाहेबांकडे वाकून पाहिलं. "किती पिल्लं?"

"सहा."

"आणि तुला?"

"एक."

"पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या.

लाल दिवा लागला. आम्ही तिघं अंधारात. बाईसाहेब चाकावर चालत होत्या, फोमचा घसघस आवाज येत होता. पिल्लांचा आवाज लावला. रेषेत बारीकशी थरथर आली, एखादी पेशी मिणमिणली. खरं तर ते खरं असावं, पण इतकं बारीक की सरांनी तिकडे पाहिलंही नाही. "हे नाही," ते म्हणाले. "आवाज बंद कर. आता बघा. आपोआप येईल."

येईना.

अंधारात माणसं वाट बघत असली की खोली लहान होत जाते. सरांच्या खुर्चीचं चाक कुरकुरत होतं. माझं सगळं लक्ष भिंतीपलीकडच्या ड्रॉवरमध्ये. सासूबाई झोपल्या असतील. ताप चढला असेल. ती पालथी पडली असेल. मी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि मांडी रिकामी होती.

"रोज येतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तू तिला नीट धरलंस ना? घाबरली असेल."

"नाही घाबरली, सर."

"मग आज काय वेगळं आहे?" हे पाहुण्या बाईंनी विचारलं. सहज, जसं कुणीही विचारेल.

मला वाटलं होतं की हे सांगायला मला धैर्य गोळा करावं लागेल. तसं काही झालं नाही. कुणीतरी विचारलं आणि उत्तर तयार होतं, एवढंच.

"आज माझा फोन बाहेर आहे," मी म्हणाले.

मग खोळ, चीर, कॅमेरा, मुकी उंदरीण, रिकामा मायक्रोस्कोप, सगळं सांगितलं. बाई एकदाच हसल्या, आवाज न करता. खुर्ची हलली म्हणून कळलं. सर म्हणाले, "फोन आण."

डिटेक्टर बंद केला, दार उघडलं, ड्रॉवर उघडला. स्क्रीन काळी होती; म्हणजे ठमी रडत नव्हती. बोट लावून पाहिलं. ती कुशीवर झोपली होती, गाल लाल. सासूबाई शेजारी, तोंड उघडं टाकून. मी परत आत आले. लाल दिवा लागला.

"मी आत्ता स्क्रीन लावून दाखवते, सर."

"तसं नको. तू मुद्दाम दिवा लावलास तर उजेड दिसणारच, त्यात काय? रोज जसं होतं तसंच होऊ दे. खोळीत ठेव. हात लावू नकोस."

त्यांच्या आवाजात काहीतरी असं होतं की मी वाद घातला नाही. अजूनही त्यांना वाटत होतं की ठमी रडेल, फोन लागेल, आणि रेषा सपाट राहील. मग त्यांची आई त्यांना परत मिळेल.

आम्ही तिघं माझ्या मुलीच्या रडण्याची वाट बघत बसलो.

इतके महिने मी त्या चिरेकडे बघून म्हणत आले होते, रडू नकोस, रडू नकोस. आता दोन मोठी माणसं श्वास रोखून ती कधी रडते याची वाट बघत होती, आणि मीसुद्धा. झोपली आहे ती. ताप आहे तिला. झोपू दे. रड एकदाची. बाईसाहेब चालत होत्या, डोकं जागच्या जागी.

मांडीवर उजेड झाला.

रेषा चढली. पाहुण्या बाई पुढे वाकल्या. सर बघत राहिले. खोळीत ठमी जागी झाली होती. पालथी होऊन तिनं मान वर काढली होती आणि ती थरथरत होती. रडण्याचा आवाज येत नव्हता, फक्त तोंड. माझं बोट बटणाकडे गेलं.

"हात लावू नकोस," सर म्हणाले. "रेषा बिघडेल. पूर्ण उतरू दे."

मी बोट मागे घेतलं. खरोखर घेतलं. चित्रात सासूबाईंचा हात आला नाही. ठमीची मान खाली गेली, वर आली. मग स्क्रीन विझली. रेषा उतरली आणि आडवी झाली.

"ठीक आहे," सर म्हणाले. किती थकले होते ते. "अजून एकदा येऊ दे. एकदा झालं तर योगायोग म्हणतील. खात्री करून घेऊ."

मी उठले. हात लांब करून डिटेक्टरचं बटण शोधलं. ते अंधारात मला झोपेतही सापडेल. बंद केलं.

"अगं, चालू आहे," सर म्हणाले.

"बंद केला, सर." फोन मी खोळीतून बाहेर ओढला आणि घंटीचं बटण दाबलं, धरून ठेवलं. खोलीभर निळसर उजेड पडला. सरांचा चेहरा दिसला, बाईंचे बूट दिसले, आणि बाईसाहेब दिसल्या. त्या चाकावर थांबल्या होत्या. मी त्यांच्या डोक्यावरच्या स्क्रूकडे हात नेला, पण घंटीवरचं बोट मला काढवेना, आणि एका हातानं स्क्रू सुटेना.

"मी सोडते तिला," पाहुण्या बाई म्हणाल्या. "मला येतं. तू जा."

"माझं उद्याचं—" मी सरांकडे बघून म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला होता. पुसला नाही. "दिवा बंद करून जा," ते म्हणाले.

फोनमध्ये सासूबाई उठल्या होत्या. कॅमेऱ्यात तोंड घालून काहीतरी म्हणत होत्या, शिव्याच असणार, आणि त्यांच्या खांद्यावर ठमीची लाल पाठ होती, वरखाली होणारी. मी बाहेर येऊन लाल दिवा बंद केला आणि दार उघडंच ठेवलं.